हातावरची गांध

डॉ. चैताली गांगुर्डेच्या कामात वाट पाहणंच जास्त. हातावर थेंब ठेवायचा, थेंबातून बारीक सुई टोचायची, थेंब टिपून घ्यायचा आणि बसून राहायचं. त्या पदार्थाचं शरीराला वावडं असेल, तर डास चावल्यासारखी गांध उठते. नसेल तर कातडी आपली शांत. बघणाऱ्याला वाटावं, ही बाई दिवसभर लोकांचे हात न्याहाळत बसते. आणि ते काही खोटं नव्हतं.

ती वाढली नाशिकरोडच्या एका कॉलनीत. वडील, जयराम, एसटीच्या वर्कशॉपात गाड्यांच्या सीटा शिवायचे. संध्याकाळी जिन्यात शिंकांची माळ लागली की आई, मालनबाई, चहाचं आधण ठेवायची. घरात त्याला कुणी आजार म्हणत नसे. बाबा आल्याची ती वर्दी होती. पुढे चैताली डॉक्टर झाली. बरोबरीचे कुणी हृदयाकडे गेले, कुणी हाडांकडे. तिनं शिंका, खाज आणि गांधी निवडल्या. "माझी लेक शिंकांची डॉक्टर," मालनबाई शेजारणींना सांगायची, "सुईनं गुदगुल्या करते आणि पगार घेते."

तिला ओढ वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. क्षय, हिवताप यांत बाहेरून काहीतरी आत शिरलेलं असतं. वावड्यात तसं नसतं. फुलाचे पराग असतात, दूध असतं, शेंगदाणा असतो, आणि शरीर दचकून उठतं, दारं लावून घेतं, स्वतःच्याच गळ्याला हात घालतं. कशाला घाबरलं, ते त्याला सांगता येत नाही. कातडीला विचारावं लागतं. प्रश्न चुकला तर कातडी चुकीचं उत्तर देते, आणि तेही अगदी ठामपणे. हे शेवटचं मात्र तिला उशिरा कळलं.

शहरातल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात तिला संशोधनासाठी दोन खोल्या मिळाल्या होत्या. तपासणीच्या बाटल्या बाहेरून यायच्या. त्यांत गहू, अंडं, कोळंबी, कुठल्या कुठल्या झाडांचे पराग. नागली, म्हणजे नाचणी, नाही, वरई नाही, खुरासणी नाही. पेठ-सुरगाण्याचा माणूस जे खातो त्यातलं जवळजवळ काहीच नाही. मग तिनं आपली पद्धत काढली: घरात जे पीठ खाता ते घेऊन या. आणलेलं पीठ मिठाच्या पाण्यात कालवायचं आणि त्याचाच थेंब हातावर ठेवायचा. त्यातून जे दिसलं ते तिच्या वाचनात कुठंच आलेलं नव्हतं. डोंगरातल्या काही माणसांना चक्क नागलीचं वावडं होतं. गांधी समोर उठत होत्या, पट्टी लावून मोजाव्यात अशा. लेख लिहून होत आला होता.

त्या लेखातली सगळ्यात मोठी गांध रोशनीच्या हातावरची होती.

रोशनी पेठच्या पलीकडच्या पाड्यावरची, आश्रमशाळेत पाचवीला. गणपतीच्या सुट्टीत घरी आली, नागलीची भाकर खाल्ली आणि बघता बघता ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, श्वास लागला. शेजाऱ्याच्या जीपनं तालुक्याला नेलं, इंजेक्शन वेळेवर मिळालं म्हणून पोर हाती लागली. तिथून तिला चैतालीकडे पाठवलं. सांगितल्याप्रमाणे आई, फुलाबाई, घरचं पीठ पुडीत बांधून घेऊन आली. थेंब ठेवला आणि रुपयाएवढी गांध उठली. धुळीतल्या बारीक किड्यांचा, म्हणजे माइटचा, थेंबही फुगला होता. तिकडे चैतालीनं पाहून न पाहिल्यासारखं केलं. अर्ध्या नाशिकचे हात त्या थेंबाला फुगतात.

"नागली बंद," तिनं सांगितलं. "एक घाससुद्धा नाही."

दिवाळी झाल्यावर फुलाबाई परत आली. रोशनी अंगानं उतरली होती.

"ताई, शाळावाले घेत नाय हिला," फुलाबाई म्हणाली. "म्हनतात, आमच्या जेवनात नागली असते, चुकून पोटात गेली तर कोन निस्तरनार? डॉक्टरीन नागली चालते म्हनंल तरच आना. आन आम्ही आता दिंडोरीला द्राक्षावर चाललो. पोरीला बागंत घेऊन फिरू? मंग ती शिकायची कधी?"

"मी पण बागंत काम करीन," रोशनी म्हणाली.

"तू गप. काम करीन म्हने! घरात समोरची केरसुनी दिसत नाय हिला."

चैतालीला हसू आलं. असलं वावडं एवढ्यात जात नाही, हे तिला माहीत होतं. तरी पुन्हा तपासू म्हणाली. "पीठ आणलंय?"

"पीठ सरलं ना. ही नवी नागली, आताच खळ्यावरून आली." फुलाबाईनं फडक्याची गाठ सोडली. मोहरीसारखे लालसर दाणे टेबलावर सांडले.

प्रयोगशाळेतला सनी, दोन मुलांचा बाप, दाणे घेऊन जवळच्या गिरणीत गेला आणि तसाच परत आला. "गव्हावर नागली दळत नाही म्हणाला, मॅडम. वर विचारतो, डॉक्टर लोक आता भाकरीवर आले का?"

शेवटी मायलेकी वॉर्डात राहिल्या आणि चैतालीनं दाणे घरी नेऊन मिक्सरमध्ये घातले.

"पातं मोडलं तर तुझ्या दवाखान्यातून नवीन आण," मालनबाई म्हणाली. "आणि आधी निवडून तरी घे गं."

"आई, हे खायला नाही. हाताला लावायला आहे."

"अन्न हाताला लावते! बाबा असते तर हसले असते तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी रोशनीच्या हातावर तीन थेंब ठेवले. एक नुसत्या मिठाच्या पाण्याचा. एक असा, ज्यानं कुणाचाही हात फुगतोच, तपासणी बरोबर चालली आहे हे कळावं म्हणून. आणि तिसरा नव्या नागलीचा. दुसरा फुगला. नागलीच्या जागी कातडी शांत.

"सुई हलकी लागली असेल," सनी म्हणाला.

"शेजारच्या थेंबात बरी लागली?"

तिनं स्वतः पुन्हा टोचलं आणि हातावर नजर लावून बसली. काहीच उठेना. मग एकदम तिच्या लक्षात आलं की आपण गांध उठण्याची वाट पाहतो आहोत. या पोरीचा हात सुजावा, असं आपल्याला वाटतं आहे. तिनं रोशनीचा हात हळूच खाली ठेवला.

फ्रीजमध्ये पावसाळ्यातली पुडी होती. त्या पिठाचा थेंब दुसऱ्या हातावर ठेवला, आणि पूर्वीसारखीच गांध उठली. शेत तेच, नागली तीच. चैतालीनं चिमूटभर जुनं पीठ काचेवर पसरलं आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. पिठाचे कण होते. दिव्याची ऊब लागली तसा त्यातला एक कण हलला. पांढुरका, केसाळ पायांचा, कसलीही घाई नसलेला. मग दुसरा. मग तिला पिठापेक्षा तेच जास्त दिसू लागले.

"फुलाबाई, हे पीठ दळलं कधी होतं?"

"मिरगाच्या आधी. समद्या पावसाचं एकदमच दळतो ना. गिरनी नदीच्या पल्याड. पूर आल्यावर कोन जातं?"

"आणि ठेवता कशात?"

"गोनीत. चुलीपासून लांब. धुराचा वास लागतो पिठाला."

चुलीपासून लांब, म्हणजे दमट कोपऱ्यात, सगळा पाऊसभर. चैतालीनं आलेल्या प्रत्येकाकडे पीठच मागितलं होतं. दाणे मागायचं तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. हे धुळीतल्या किड्यांचेच भाऊबंद, आणि रोशनीच्या हातानं माइटचं नाव पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भाजल्यावरही या किड्यांचं वावडं बाधतं, हेही तिला पुस्तकातून ठाऊक होतं.

"म्हंजे नागली चालते?" फुलाबाईनं विचारलं.

"खाऊन बघितल्याशिवाय मी तसं म्हणणार नाही. ताज्या पिठाची भाकर, इथंच, माझ्यासमोर. इंजेक्शन भरून ठेवते. मी जागची हलणार नाही."

फुलाबाईनं रोशनीला जवळ ओढलं. "तुमची पोर असती तर घातली असती?"

"घातली असती," चैताली म्हणाली. "भीती वाटली असती, पण घातली असती."

फुलाबाईनं पदर खोचला आणि वॉर्डाच्या स्वयंपाकघरात जाऊन दोन भाकरी थापल्या. चैतालीनं पहिला तुकडा तोडला तो नखाएवढा. वाट पाहिली. मग थोडा मोठा. पुन्हा वाट. खिडकीतलं ऊन टेबलावरून जमिनीवर उतरलं.

"चटणी नाय का?" रोशनीनं विचारलं.

"आज कोरडीच."

चतकोर पोटात गेल्यावर रोशनीनं कान खाजवला. सनी उठून उभा राहिला, चैतालीचा हात ट्रेकडे गेला, फुलाबाईनं डोळे मिटले.

"काय होतंय गं?"

"डूल टोचतंय."

"मेले, जीव घेशील माझा!" फुलाबाई म्हणाली आणि तिला रडूच आलं.

भाकर संपली. दुपार कलली तरी ओठ तसेच, श्वास तसाच. चैतालीनं आश्रमशाळेला फोन करून सांगितलं, नागली चालते, फक्त फार दिवसांचं दळण नको, आणि जवळ इंजेक्शन असू द्या.

"सुट्टीला येईल तवा जात्यावर दळीन," फुलाबाई म्हणाली. "सासूचं जातं हाय, त्याच्यावर कोंबड्या बसतात सध्या."

सनी ट्रे आवरत होता. "मॅडम, लेखाचं काय?"

"ज्यांना ज्यांना नागली बंद केली, त्या सगळ्यांना परत बोलवायचं."

"सगळ्यांना? आणि हाताशी काहीच उरलं नाही तर?"

चैतालीनं फोन उचलला. नंबर सुरगाण्याकडचा, आवाज तुटत होता. "हो, परत यायचंय," ती म्हणाली. "नाही, पीठ नको. दाणे आणा."

मागं रोशनी आईला विचारत होती, तव्यावरची दुसरी भाकर कुणाची.