एक माप मोठा वेटसूट

तर दुकानदाराने गार पाण्यात पोहताना घालायचा, काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचा रबरी वेटसूट काउंटरवर पसरला आणि म्हणाला, हे पट्टे पाहिले की शार्क लांबूनच वळतो. आमच्या विहीणबाईंनी चष्मा नाकावर सरकवला. "कुणी सांगितलं? शार्कने?"

विहीणबाई म्हणजे माझ्या लेकीची सासू. अंगाने काडी, नजरेने जळू. सगळी हयात कापडाच्या दुकानात गेली. गिऱ्हाईक आलं की आधी त्याचे हात बघायच्या, मग चेहरा. अजूनही घरी आलेल्या दुधात बोट बुडवल्याशिवाय पातेलं गॅसवर चढत नाही. आणि माझी लेक पडली पाण्यातली मासोळी. तिला समोरच्या बेटापर्यंत पोहून जायचं होतं. समुद्र गार, सूट हवाच. लेकीला घासाघीस जमत नाही, म्हणून सासूबाई बरोबर गेल्या.

पट्टेवाला त्यांनी बाजूला सारला. साधा काळा घेतला, शिवण ताणून पाहिली, आणि लेकीचं माप सोडून एक माप मोठा बांधायला लावला. लेक म्हणाली, अंगासरशी हवा. या म्हणाल्या, पहिल्या धुण्यात आटेल, मग रडशील. आता रबर कुठलं आटतंय! पण कापडवालीला सांगणार कोण?

सरावाला लेक उतरली आणि सुटात गळ्यातून पाणी शिरलं. पखालीसारखा फुगला. सोबत घेतलेल्या होडीवाल्याने काखेत हात घालून ओढली म्हणून बरं, थंडीने बिचारीची दातखीळ बसली होती. तेव्हापासून तिच्या मनात पाल चुकचुकायला लागली. मला म्हणाली, बाबा, मी जाऊच नये म्हणून यांनी मुद्दाम केलं. बेटाचं नाव काढलं की यांचे शार्क सुरू. अंधार पडताना पोहू नको, चमकणारे कानातले काढ, मासेमारीच्या होड्या घाण टाकतात तिकडे फिरकू नको. शेवटी तिने तोंडावर सांगितलं, तुम्ही निवडलेला सूट मी घालणार नाही.

मी समेट करायला गेलो, तर विहीणबाई घरात नाहीत आणि दोरीवरचा सूटही नाही. लेक म्हणाली, लपवला असणार. त्यांना शोधत आम्ही किनाऱ्यावर गेलो. बघतो तर काय, विहीणबाई तोच सूट घालून छातीभर पाण्यात, होडीची दोरी दोन्ही हातांनी धरून उभ्या! या बाईला पोहता येत नाही, बरं का. सूट असा टम्म फुगलेला, की काडीचा रांजण झाला होता. मी आणि होडीवाल्याने त्यांना बाहेर काढलं, तेव्हा बाह्यांतून धारा लागल्या. हसावं की रागवावं, मला कळेना. लेकीने मात्र शाल पुढे केली आणि विचारलं, आई, हे काय केलंत?

त्या कुडकुडत म्हणाल्या, "तू म्हणालीस मुद्दाम केलं, म्हणून मी माझ्यावरच संशय घेऊन बघितला. माप चुकलं माझं, हे खरं. आता तुझ्या अंगाला बसेल तो तू घे, मी दुकानाबाहेर उभी राहते. पण बेटाकडे पोहशील त्या दिवशी होडीत मी बसणार, आणि मी हाक मारली की वाद न घालता वर यायचं."