बशीतला चहा

दुपारची भांडी आवरून मी माजघरात सतरंजीवर अंग टाकते. माझी सून कांचन अपक्ष उभी राहून आमदार झाली आहे. सरकार बनवायला दोन्ही बाजूंना माणसं कमी पडताहेत. चहाच्या वेळेला एका पक्षाची गाडी येणार, तिला कुठल्याशा हॉटेलात नेऊन ठेवणार. जेवताना तिनं विचारलं, "आत्या, जाऊ का?" मी ताक वाढत राहिले.

डोळा लागतो न लागतो तोच स्वयंपाकघरातून स्टोव्हचा आवाज येतो. घरातून स्टोव्ह कधीच गेलाय. उठून बघते तर हे बसलेत, माझे मालक. जाऊन पुष्कळ वर्षं झाली त्यांना. बशीतल्या चहावर फुंकर घालताहेत, पण वाफ हलत नाही.

"चल, मतदान संपतंय," म्हणतात.

मागचं दार उघडते तर तिथं परस नाही, शाळेचा वर्ग आहे. बायांची रांग, सगळ्या पाठमोऱ्या. मी ओळखते त्यांना. हे पहिल्यांदा अपक्ष उभे राहिले तेव्हा मी या बायांच्याच दारोदार फिरले होते. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं, म्हणून एवढंच सांगायची, कपबशीवर शिक्का मारा. हे निवडून आले. मग सरकारला माणसं हवी होती, हे पक्षात गेले. पक्ष फुटला, पुढच्या खेपेला तिकीट कुणीच दिलं नाही. पुन्हा अपक्ष उभे राहिले, चिन्ह मिळालं शिडी, आणि कपबशी गेली भलत्याच माणसाला. बायांनी सवयीनं कपबशीवर शिक्के मारले आणि संध्याकाळी मला सांगायला आल्या, आणला बघ तुझ्या मालकाला निवडून. गाव अजून हसतं. हेही हसायचे.

रांगेतली पहिली बाई वळते. चेहऱ्याच्या जागी कोरा कागद.

मी मागं सरते तर वर्ग मोठा झालेला, छत दिसत नाही इतका. हे विधानसभेचं सभागृह आहे. माणसं बसल्याबसल्या झोपली आहेत आणि बाक आपोआप सरकताहेत. इकडचा बाक तिकडं जातो, झोपलेल्या माणसासकट. आवाज अजिबात नाही.

"उठल्यावर कळतं का यांना, कुठं बसलोय ते?"

"शेजारच्याला विचारतात," हे म्हणतात. "तोही आत्ताच आलेला असतो."

"आणि तुमचा बाक?"

"एकदा उठलो. परत सापडला नाही."

मी विचारते, कांचनला काय सांगू.

"तिला मतं कशावर पडली?"

"शिट्टीवर."

"तू काय सांगत फिरलीस?"

मला आठवतं. या खेपेला मी तिचं नाव घेत फिरले. सुनेचं नाव घ्यायला कसली आडकाठी? मशीनवर शिट्टीशेजारी तेच नाव होतं. म्हातारपणी शिकलेली अक्षरं जुळवून मी ते वाचलं, मगच बटण दाबलं.

"मग ज्यांच्या दारात नाव घेतलंस, त्यांना विचारून ये म्हणावं. मी कुणाला विचारलं नव्हतं." मग म्हणतात, "माझंही घे की एकदा. आता कोण हसतंय?"

एक रिकामा बाक माझ्याकडं सरकत येतो. पोटऱ्यांना गार लागतो. गुडघे आपोआप वाकायला लागतात.

"भुजंग," मी म्हणते.

बाक थांबतात. झोपलेले सगळे माझ्याकडं वळतात.

"आत्या, कुणाला हाक मारताय?"

दारात कांचन उभी, हातात पिशवी. बाहेर गाडीचा हॉर्न वाजतोय.

"गाडीवाल्यांना सांग, आधी वाड्यावस्त्या फिरून विचारून येते," मी म्हणते. "मी येते तुझ्याबरोबर."

ती पिशवी खाली ठेवते. "बरं, निदान चहा तरी पाजते त्यांना. अजून आधण ठेवलेलं नाही." ती बाहेर जाते.

मी सतरंजी गुंडाळायला वाकते. उशाशी बशी आहे, चहानं भरलेली. मी फुंकर घालते.

वाफ हलत नाही.