पिंगळ्यांची पाच फेऱ्यांची चाचणी

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी रंगनाथ पिंगळे प्लायवर वाकून व्हर्निअरने दोन रुळांतलं अंतर मोजत होते. साडेसोळा मिलिमीटर. बरोबर होतं. वीतभर पुढे पुन्हा मोजलं. तेही बरोबर. इंजिन मात्र तिथेच थांबत होतं.

पिंगळे ओझरच्या विमान कारखान्यातले निवृत्त तपासनीस. एकतीस वर्षं त्यांनी सुट्या भागांची मापं तपासली. आता सिडकोतल्या घराच्या मागच्या खोलीत प्लायच्या फळीवर मांडलेली त्यांची छोटी रेल्वे आहे: एक इंजिन, चार डबे, एक बोगदा. पूर्वी इथे पत्नी चंद्रभागाबाईंचा शिवणवर्ग भरायचा. मशीन दोन वर्षं हॉलमध्ये टीव्हीपुढे अडकलं आहे. म्हणून चंद्रभागाबाईंनी अट घातली होती: शुक्रवारी नाश्त्यापूर्वी गाडीने सलग पाच फेऱ्या मारायच्या, हात न लावता. नाही जमलं तर खोली शिवणवर्गाला.

बुधवारी गाडी नीट धावली होती. आता पिंगळ्यांनी बोगदा उचलला, सांध्यांना नव्या तारा जोडल्या, पाणसळ ठेवून प्लाय सपाट आहे का ते पाहिलं. इंजिन हललं नाही.

"विमानं गेली माझ्या हाताखालून, आणि हे बोटभर इंजिन जाईना."

"विमानं तुम्ही एकट्याने नव्हती उडवली," दारातून चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आणि अहो, त्या रुळावर लाल काय आहे?"

कुंकू होतं. कारखान्यात दरवर्षी व्हायची तशी यंत्रपूजा पिंगळ्यांनी गुरुवारी घरीच केली होती. ओल्या कुंकवाची बोटं रुळांवरही उमटवली, चाकांवरही. इंजिनाला वीज रुळांतून मिळते. वाळलेल्या कुंकवातून ती मिळत नव्हती.

"यंत्र बंद पडू नये म्हणून पूजा केली आणि पूजेनेच बंद पाडलं," पिंगळे म्हणाले. "असल्या माणसाला मी कारखान्याच्या गेटवरूनच परत पाठवलं असतं."

स्पिरिटच्या फडक्याने रूळ पुसले, कापसाच्या काडीने चाकं. सात पंचवीसला गाडी निघाली. तीन फेऱ्या विनातक्रार झाल्या. चौथीत पहिल्या डब्याच्या टपावर कापसाचा धागा दिसला. पिंगळ्यांनी तो बोटाने उचलला. गाडी थांबली नाही. पाचवी फेरीही पूर्ण झाली.

चंद्रभागाबाई पोहे घेऊन आल्या. "झाल्या पाच?"

"तीन. चौथीत बोट लागलं."

"मी कुठे बघितलं? पोहे परतत होते मी. सांगितलंत कशाला?"

"तपासणारा मीच ना. एकतीस वर्षं लोकांचा माल नाकारला, आज स्वतःचा."

"बरं. मग धरा त्या बाजूने."

दोघांनी प्लाय भिंतीला उभा केला.

"आता परत कधी मांडू देणार?"

"रोज पहाटे मांडा की! माझा वर्ग साडेनऊचा आहे."

उद्या, शनिवारी, साडेनऊला तीन जणी ब्लाउजचं कटिंग शिकायला या खोलीत येणार आहेत. प्लाय नऊच्या आत भिंतीला लागायचा आहे.