पांढरं पाच

मावशीकडे नाणं घेऊन येणारा माणूस गोड बोलत येतो आणि दार आपटून जातो. तिच्या दाराची वरची बिजागरी मी दोनदा बदलून दिली आहे. एक जण तर जाताना जिन्यात थुंकून गेला, ते मला पुसावं लागलं. मावशी खुर्चीतून हलत नाही. काटा फडक्यानं पुसते, भिंग डबीत ठेवते आणि म्हणते, "खोटं ते खोटं. त्याला बरं वाटावं म्हणून मी काय नाण्याला खरं करू?"

ती टांकसाळीतून निवृत्त झाल्यापासून हे असंच चाललंय. लोकांना हवं असतं ते एकच नाणं, पांढरं पाच. आमच्याकडे पाचाचं नाणं पिवळं आणि मोठं, दोनाचं पांढरं आणि लहान. बावीस वर्षांपूर्वी टांकसाळीतल्या एका लोखंडी डब्याच्या तळाशी दोनाच्या काही कोऱ्या चकत्या अडकून राहिल्या, कुणी न बघता त्यावर पाचाच्या चकत्या ओतल्या, आणि पाचाच्या साच्याखाली पिवळ्यांबरोबर या पांढऱ्याही दाबल्या गेल्या. अशी दोन नाणी पकडली गेली. आणखी तीन होती आणि ती सापडली नाहीत, असं म्हणतात. कुणीतरी फोनवर व्हिडिओ फिरवला की त्यातलं एक हाती लागलं तर माणसाचं घर उभं राहील. तेव्हापासून अर्धं गाव पिवळ्या पाचांवर पांढरा मुलामा चढवत बसलंय. मावशी ते काट्यावर ठेवते, वजन पाचाचंच भरतं, संपलं. काही हुशार लोक कडा कानशीनं घासून नाणं दोनाएवढं करून आणतात. मावशी भिंगातून कडेची अक्षरं बघते. "कानशीनं अक्षर कापलं जातं, लहान चकतीवर मोठा साचा पडला की ते ओढलं जातं. जा घरी," एवढंच सांगते.

पकडलेली ती दोन नाणी मावशीनंच पकडली होती. टांकसाळीत नाणी एका पट्ट्यावरून सरकत यायची. दोन्ही बाजूंना बायका बसायच्या आणि चिरलेलं, वाकडं, अर्धवट उठलेलं नाणं उचलून टाकायच्या. मावशी पट्ट्याच्या अगदी शेवटी. तिच्यापुढे फक्त पोतं. लग्न नाही, पोरंबाळं नाहीत, मिरवायला काही नाही. होती ती नजर. "माझ्यासमोरून वाईट नाणं गेलेलं नाही," हे ती चहा पिताना सहज म्हणायची, आणि कुणी तिला टोकायचं नाही, कारण ते खरंच होतं.

त्या दिवशी दोनाच्या कोऱ्या चकत्या तोलल्या तेव्हा पाच नग कमी भरले. दोन मावशीनं काढून टाकलेल्या नाण्यांत मिळाली. मग तीन कुठे? मावशी म्हणाली, कुठेच नाहीत. काटा जुना आहे, हजारोंमागे तीन नगांचा फरक तो रोजच दाखवतो, आणि माझ्या नजरेतून तीन नाणी सुटणं शक्य नाही. यावर टांकसाळीचे साहेब म्हणाले, "नजरेतून सुटली नसतील तर पदराआड गेली असतील."

संध्याकाळी फाटकाशी, दीडशे माणसांच्या रांगेसमोर, त्यांनी तिला अंबाडा सोडायला लावला. केसांत काही नव्हतं. डब्यात, पिशवीत, चपलेत, कशातच काही नव्हतं. काही मिळालं नाही म्हणून कामावरून काढता येईना, मग तिला पट्ट्यावरून उठवलं आणि पोत्यांची तोंडं शिवायला बसवलं. अकरा वर्षं तिनं सुतळी ओढली. बोटांना पडलेल्या चिरा अजून बुजलेल्या नाहीत. साहेब भाषणं ऐकून, शाल वगैरे घेऊन निवृत्त झाले. हे सांगताना आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि जावीच. कारण तिच्या नावापुढचा 'चोर' हा शब्द कुणी कधी खोडला नाही. नातेवाईकांनीसुद्धा नाही. आमच्या लग्नात माझ्या सासूनं दागिन्यांच्या खोलीला कुलूप घातलं, ते कुणासाठी हे मला कळत नव्हतं असं नाही.

तर अशा या मावशीकडे मागच्या महिन्यात मी माझ्या धाकट्या दिराला घेऊन गेले. घेऊन गेले, म्हणजे चूक माझीच. ऑफिसांमध्ये कॉफीची मशिनं असतात, त्यातले पैसे काढून आणायचं काम तो करतो. एका मशिनात नाणं अडकलं होतं. वजनाला हलकं असलं की मशीन नाणं परत बाहेर टाकतं, हे मधेच रुतून बसलं. त्यानं चिमट्यानं काढलं. लहान, पांढरं, आणि त्यावर पाचाचा आकडा.

मावशीनं ते काट्यावर ठेवलं. दोनाचं वजन. तिनं काटा शून्यावर आणून पुन्हा ठेवलं. मग भिंग घेतलं आणि नाण्याची कड गोल फिरवून बघितली.

"खरं आहे का?" दिरानं विचारलं.

"आठ दिवस राहू दे माझ्याकडे. एकाला दाखवायचंय."

त्याला फोन आला म्हणून तो गॅलरीत गेला. मावशीनं मला जवळ ओढलं.

"खरं आहे गं. कडेची अक्षरं बघ, ओढलेली आहेत."

"म्हणजे तीन होतीच?"

"होती. बावीस वर्षं मी काट्याला खोटं ठरवत होते. काटा बरोबर होता. हे माझ्यासमोरून पोत्यात गेलं आणि मला दिसलं नाही."

तिच्याजवळ होती ती एकच गोष्ट, आणि तीही खोटी निघाली हे ती स्वतःच्या तोंडानं सांगत होती. पण तिचा चेहरा पडलेला नव्हता. तिनं नाणं उलटं केलं. पाचाच्या मागे बगळा असतो.

"याचं पोट बघ. सगळ्यात वर असतो तो भाग, म्हणून आधी तोच झिजतो. सपाट झालाय. अक्षरांच्या खाचांत मळ बघ कसा बसलाय. चोरलेलं नाणं कुणी बाजारात फिरवत नाही. ते डबीत राहतं, नवंकोरं राहतं. हे बावीस वर्षं लोकांच्या हातात होतं. साहेब अजून आहेत, चौकापलीकडे राहतात. मी त्यांना हे पोट दाखवणार."

मला वाटलं, आता कुठे हिला न्याय मिळेल. वाटलं ते वाटलं.

दीर आत आला आणि त्यानं नाणं उचललं. "राहू दे, माझ्याकडेच ठेवतो." जिन्यात मला म्हणतो, "वहिनी, तीन गेली म्हणतात ना तिच्या हातून? मग चौथं कशाला द्यायचं?" सासरचा माणूस, घरात नको वाद, उगाच तोंड कशाला वाजवायचं, असा सगळा शहाणपणा मला तेव्हाच सुचला. त्याच्या मुठीतून ते नाणं तिथेच काढून घेतलं असतं तर पुढचं काही झालं नसतं.

चार दिवसांनी तो आपणहून मावशीकडे आला. त्याला गिऱ्हाईक मिळालं होतं, पण गिऱ्हाईकाला मावशीची चिठ्ठी हवी होती. बरोबरच आहे. जिनं इतक्या वर्षांत एकालाही खरं म्हटलेलं नाही, तिच्या खऱ्याला किंमत असणारच. चोर म्हणायला मावशी आणि चिठ्ठी द्यायलाही मावशीच.

त्यानं खिशातून नाणं काढून टेबलावर ठेवलं. आरशासारखं चमकत होतं.

"चकाचक केलंय," तो खुशीत म्हणाला. "पितळेची पॉलिश लावली, मग ड्रिलला घासायचं नमद्याचं चाक लावून फिरवलं. फोटो झकास आलाय."

मावशीनं भिंग डोळ्याला लावलं. खाली ठेवलं. पुन्हा लावलं. मळ गेला होता. बगळ्याचं पोट, मान, पंख, सगळंच सपाट आणि गुळगुळीत, त्यावर चाकाचे गोल ओरखडे. लोकांच्या हातांनी काय झिजलं आणि चाकानं काय झिजलं, हे आता कुणालाच सांगता आलं नसतं.

मी मावशीला चढा आवाज काढताना त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. "बावीस वर्षं लोकांनी हातात घेतलं होतं ते. दहा मिनिटांत सगळ्यांचे हात पुसून टाकलेस. तुला कुणी सांगितलं होतं? मी माझ्याकडे राहू दे म्हटलं होतं ना?"

"अहो, साफच तर केलं. नाणं तेच आहे ना?"

"नाणं तेच आहे." ती खाली बसली. "आता साहेब म्हणतील, बाई, ट्रंकेत जपलं होतंस आणि काल चाकावर धरलंस. आणि मला त्यांच्यासमोर ठेवायला काही नाही."

दिराला यातलं ओ की ठो कळलं नाही. तो घड्याळ बघत होता. मी त्याला बाहेर थांबायला सांगितलं आणि मावशीपुढे बसले. "खोटं म्हणून सांग आणि वाटेला लाव. खरं म्हटलंस तर लोक म्हणतील हिच्याकडेच होतं. दिराच्या नावानं बाहेर काढलं म्हणतील. इतकी वर्षं तीन नव्हतीच म्हणत आलीस, आता कशाला तोंडघशी पडतेस?"

तिनं माझ्याकडे असं बघितलं की मला मान खाली घालावी लागली.

"वजन दोनाचं आहे. अक्षरं ओढलेली आहेत. त्याला मी खोटं म्हणू? मग आजवर दारातून घालवून दिलेल्या त्या सगळ्यांना मी काय सांगत होते?"

तिनं वहीतलं पान फाडलं. वजन लिहिलं, रुंदी लिहिली, साच्याची खूण लिहिली. खाली 'खरं' लिहिलं आणि पूर्ण नावानं सही केली. मग सहीच्या खाली आणखी चार वाक्यं लिहिली.

मी ती वाचली. "हे कशाला? कुणी विचारलंय तुला?"

"कुणी विचारलं नाही, म्हणूनच."

दोन दिवसांत चिठ्ठीचा फोटो नाण्याच्या फोटोशेजारी सगळ्यांच्या फोनवर आला. वजन, रुंदी, खूण, 'खरं', सही. त्याखाली कागद संपत होता. कात्रीनं, अगदी सरळ रेषेत. मी फोटो मोठा करून बघितला तर सहीच्या शेवटच्या अक्षराचा काना खालून अर्धा कापला गेला होता.

मी दिराला फोन केला. तो म्हणाला, "गिऱ्हाईक म्हणालं, चिठ्ठीवर रडगाणं नको, सही पुरे. खालचा तुकडा कुठे गेला काय माहीत. सही तर तिचीच आहे ना, वहिनी? मग एवढं चिडायला काय झालं?" मी त्याच्याशी बोलणं बंद केलंय. नवरा म्हणतो, नाण्यापायी घर तोडू नकोस. मी त्याच्याशीही मोजकंच बोलते.

आणि लोकांना जे म्हणायचं होतं ते लोकांनी म्हटलं. होतं ना हिच्याकडे. बघा, बावीस वर्षं दाबून ठेवलं आणि आता भाचीच्या दिराकडून विकलं. वाण्यानं ऐकवलं, खालच्या मजल्यावरच्यांनी ऐकवलं. पट्ट्यावर तिच्या शेजारी बसायची त्या बाईचा इतक्या वर्षांनी फोन आला. मावशीनं मोठ्या आशेनं घेतला. ती म्हणाली, "अगं, आता तरी सांग, बाकीची दोन कुठे ठेवलीस?" मावशीनं फोन ठेवला आणि मला विचारलं, "फोटोत वजन नीट वाचता येतंय का?" मी हो म्हटलं. ती उठून काटा पुसायला लागली.

तिचं तेवढ्यावर भागतं. माझं भागत नाही. साहेब चौकापलीकडे राहतात, दीर पुढच्या गल्लीत, आणि त्या फोटोखाली 'चोर ती चोरच' लिहिणारे सगळे इथेच आसपास. म्हणून कात्रीनं कापलेली ती चार वाक्यं मी इथे तिच्या शब्दांत लिहून ठेवते आहे. मावशीच्या सहीखाली असं होतं:

"त्या वर्षी पट्ट्याच्या शेवटी मी बसले होते. हे नाणं माझ्यासमोरून पोत्यात गेलं आणि मला दिसलं नाही. काट्याची चूक नव्हती, माझी होती. मी ते घेतलं नव्हतं."