तांडेलाची हनुवटी

विनीत शिरधनकर रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात चित्रकला शिकवतो. फळ्यावर कंपास न घेता वर्तुळ काढतो आणि ते वर्तुळच असतं. श्रावण लागला की आसपासच्या गणपतीच्या शाळांमधून, म्हणजे मूर्तींच्या कारखान्यांतून, त्याला बोलावणं येतं, कारण मूर्तीचे डोळे आखायला त्याच्यासारखा हात नाही असं लोक म्हणतात. लोक म्हणतात ते त्यालाही पटलेलं होतं.

वस्तऱ्याचा नाद त्याला टाळेबंदीत लागला. सलून बंद, शाळा बंद. फोनवर बघता बघता कुणी परदेशी गृहस्थ अख्ख्या पोलादी पात्याच्या वस्तऱ्याने स्वतःची दाढी करताना दिसला. आपल्याकडे सलूनवाले आता अर्धं ब्लेड अडकवायचा वस्तरा वापरतात. हा तसा नव्हता. याला धार आपण लावायची, चामड्याच्या पट्ट्यावर उलटसुलट फिरवून ती आपणच राखायची. विनीतने तसला एक मागवला.

पहिले काही महिने त्याचा चेहरा बघवत नव्हता. फुग्यावर फेस लावून सराव केला, तर फुगे फुटले. गालावर केला, तर गाल कापले. न्हाणीघरात तुरटीचा खडा कायम ओला असायचा. "शाळा सुरू झाली की मुलं विचारतील, सर, मांजराशी भांडलात काय?" असं दर्शना, त्याची बायको, म्हणाली होती. मुलांनी खरंच विचारलं. पण हळूहळू हात बसला. पातं गालावर जवळजवळ आडवं ठेवायचं, दुसऱ्या हाताने कातडी ताणून धरायची, आणि जोर द्यायचा नाही, वजन वस्तऱ्याचंच पुरतं. रविवारी सकाळी वाडग्यात ब्रश घुसळून साईसारखा दाट फेस काढायचा आणि निवांत दाढी करायची, यासारखं सुख नाही, असं तो ज्याला त्याला सांगू लागला.

सांगता सांगता तो व्हिडिओ करू लागला. तसलाच नाद असलेल्या माणसांचा फोनवर एक गट होता, पुण्यामुंबईचे डॉक्टर, इंजिनियर असे. ते त्याला 'सर' म्हणत, शंका विचारत. आरसा, तीन पायांच्या तिकाटण्यावर फोन आणि मध्ये विनीत. पुढे पुढे दाढीपेक्षा बोलणंच जास्त होऊ लागलं.

त्याचे सासरे दत्ताराम भाटकर रत्नागिरीजवळच्या मिऱ्याचे. उभा जन्म दर्यावर काढलेला तांडेल, बोटीचा म्होरक्या. दर्या खवळला आणि खलाशी देवाचं नाव घेऊ लागले, तरी सुकाणूवर हा माणूस खांबासारखा उभा राहायचा, अशी त्यांची ख्याती. आता वय झालं होतं. हृदयाची झडप बदलली होती आणि रक्त पातळ ठेवायची गोळी रोज चालू होती. ती गोळी मेडिकलमधून विनीतच आणून द्यायचा.

सानिकेचा, म्हणजे दर्शनाच्या भावाच्या मुलीचा, साखरपुडा ठरला. भाऊ केरू विरारला असतो, पण कार्य मिऱ्याला घरीच करायचं होतं. सकाळीच घरापुढच्या खळ्यात मांडव घातलेला, मुंबईहून आलेली माणसं चहा पीत बसलेली. दत्ताराम न्हाव्याकडे जायला निघाले, तर कळलं की त्याचं दुकान बंद आहे.

"आसू दे. घरीच रेझर फिरवतो," ते म्हणाले.

"बाबा, मी असताना?" विनीत म्हणाला. "आज नातीचा साखरपुडा आहे. बसा इथे, अशी दाढी करतो की व्याही बघत राहतील."

"नको हो विनीतराव. तुम्हाला त्रास कशाला?"

दर्शना परसदारातून ओरडली, "अहो, बाबांच्या गोळ्या चालू आहेत हां!"

"माहीत आहे गं. ओरखडासुद्धा उठणार नाही."

वस्तरा तो पिशवीत घालून घेऊनच आला होता, कुणाला तरी दाखवता येईल म्हणून. खुर्ची मांडवात ठेवली. समोर तिकाटण्यावर फोन. माणसं कप हातात घेऊन भोवती जमली. दत्तारामांनी नवा पांढरा सदरा घातला होता. त्यावर टॉवेल गुंडाळून ते हात मांडीवर ठेवून ताठ बसले.

दोन्ही गाल झकास झाले. केरू म्हणाला, "वा, भाऊजी!" विनीत फोनकडे बघत समजावून सांगत होता, "वयस्कर माणसाची कातडी सैल असते. ती नीट ताणली नाही तर..." आणि त्याच वेळी त्याला वाटलं, आपण फोनच्या चौकटीत नीट येतोय की नाही? त्याने मान वळवली, त्याच्याबरोबर भोवतीच्या माणसांनीही. डाव्या हाताची बोटं किंचित सुटली. वस्तरा हनुवटीखाली गेला.

दत्तारामांनी हूं की चूं केलं नाही. आधी एक लाल रेघ दिसली, मग फेस गुलाबी झाला, मग टॉवेल. तुरटी लावली, बर्फ लावला, हळद दाबली. थांबेना. नव्या सदऱ्याची पुढची बाजू भरली. दर्शनाने वडलांची हनुवटी तळव्याने दाबून धरली आणि तशीच त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. मागोमाग रिकाम्या हाताने विनीत गेला.

डॉक्टरने टाके घातले. "रक्त पातळ करायची गोळी चालू असलेल्या माणसावर वस्तरा? कुणाची ही अक्कल?" डॉक्टर कडाडला.

विनीतने तोंड उघडायच्या आतच दत्ताराम म्हणाले, "माझी चूक. मला खोकला आला, मी हललो."

विनीतला माहीत होतं, खोकला आला नव्हता. ते हलले नव्हते. ही गोष्ट तिथेच सांगायची होती. त्याने खाली फरशीकडे बघितलं. दर्शना म्हणाली, "बाबा, तुम्हीपण ना! खोकला येतोय म्हणून सांगायचं तरी." तेवढ्यात ती वेळ निघून गेली.

रक्त नीट थांबेपर्यंत डॉक्टरने म्हाताऱ्याला सोडलं नाही. साखरपुडा आजोबांशिवाय झाला. सानिकेने अंगठी घातलेला हात फोनवरून त्यांना दाखवला आणि ती रडली. दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून विनीतने सकाळचा व्हिडिओ न बघताच पुसून टाकला. गटावर कुणीतरी विचारलं, "सर, आजचा व्हिडिओ?" त्याने लिहिलं, "पाहुणे होते."

पुढचे दिवस त्याला फार जड गेले. कुणी त्याला बोल लावला असता तर बरं झालं असतं. उलट सगळे त्याचीच समजूत घालायचे. "तुमचा काय दोष? म्हाताऱ्याला एका जागी बसवत नाही." आणि मिऱ्याच्या बंधाऱ्यावर संध्याकाळी जी जुनी माणसं बसायची, त्यांनी दत्तारामांना धारेवर धरलं. त्यांतला रघू तर रोज नवीन काढायचा, "वादळात हलला नाय तो तांडेल, नि वस्तऱ्याला बघून हलला!" सगळे खदखदून हसायचे. दत्तारामही हसायचे. मग ते बंधाऱ्यावर जाईनासे झाले. दर्शना चिडून म्हणायची, "बाबा घरातच बसून असतात हल्ली. हलायचं कशाला मग?" 

रोज तो ठरवायचा, आज सांगू. आणि रोज वाटायचं, आता इतके दिवस गेले, आता सांगितलं तर कापल्यापेक्षा लपवलेलंच जास्त दिसेल. या हिशेबाचीही त्याला लाज वाटायची. वर्गात फळ्यावर वर्तुळ काढताना मुलं "सर, भारी!" म्हणाली की त्याला पाठ फिरवून उभं राहावंसं वाटे.

लग्नाची बोलणी करायला सानिकेच्या सासरची माणसं मिऱ्याला आली. पडवीत सगळे बसले होते. व्याह्यांनी दत्तारामांच्या हनुवटीखालच्या व्रणाकडे बघून सहज विचारलं, आणि केरू हसत सांगायला लागला, "अहो, आमचे बाबा म्हणजे..."

"बाबा हलले नव्हते," विनीत म्हणाला.

आवाज मोठाच निघाला. सगळे बघायला लागले.

"खोकलाबिकला काही नव्हता. मी फोनकडे बघत होतो. मी चांगला दिसतोय का, ते बघत होतो. हात माझा सुटला. बाबा खोटं बोलले आणि मी बोलू दिलं."

 केरूने पोह्यांची बशी खाली ठेवली. दर्शना उठून आत गेली. व्याही भले, त्यांनी पावसाचा विषय काढला.

पाहुणे गेल्यावर विनीत सासऱ्यांच्या पायाशी जाऊन बसला. "बाबा, माफ करा."

दत्तारामांनी त्याला हाताला धरून शेजारी बसवलं. मग म्हणाले, "विनीतराव, मी खोटं बोललो ते तुमच्यासाठी नाय. नवऱ्याने फोनच्या नादात बापाला कापला, हे माझ्या पोरीने माहेरात आल्यागेल्याकडून ऐकायला नको, म्हणून बोललो. ते आज तुम्ही व्याह्यांसमोर बोललात. तिला आधी सांगायला हवं होतं."

हे विनीतच्या डोक्यातच आलं नव्हतं. खरं बोलतानाही त्याने आपलंच ओझं बघितलं होतं.

दर्शना त्या दिवशी एवढंच म्हणाली, "कापल्याचं मला काही नाही. हात कुणाचाही चुकतो. मी बाबांवर इतके दिवस चिडचिड करत होते, ते तुम्ही शेजारी बसून ऐकत होतात."

 दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर विनीत एकटाच बंधाऱ्यावर गेला आणि म्हाताऱ्यांना सगळं सांगितलं. रघूने ऐकून घेतलं, विडी विझवली. "मग इतके दिवस गप का व्हतास?"

"लाज वाटली."

"आणि आज?"

"आजही वाटते."

 त्या आठवड्यात रघू स्वतः दत्तारामांच्या दारात जाऊन त्यांना बंधाऱ्यावर घेऊन आला, असं पुढे कळलं.

विनीतने वस्तरा टाकून दिला नाही. रविवारी दाढी करतो, एकटाच, दार लावून. गटावर त्याने झालेलं सगळं लिहिलं. काहींनी हात जोडल्याची चित्रं पाठवली, काहींनी पात्याच्या धारेबद्दल विचारलं. तो गटातून बाहेर पडला. दर्शना बोलते, पण माहेरचं काही सांगताना मध्येच थांबते, आणि तो पुढे विचारत नाही.

दत्तारामांच्या हनुवटीखाली त्या रेघेवर आता केस उगवत नाहीत. न्हावी आता मशीनच फिरवतो, तेवढी जागा सोडून. सणावाराला विनीत सासरी जातो, सासऱ्यांच्या पंगतीला बसतो. ते "विनीतराव, आणखी घ्या" म्हणतात आणि माशाची तुकडी स्वतःच्या हाताने त्याच्या ताटात वाढतात. तो "पुरे, बाबा" म्हणतो, ताटाकडेच बघत.