इटलीचं की जर्मनचं

आमच्या घरातलं अकॉर्डियन कुठल्या देशाचं आहे, हे मला गेली पस्तीस वर्षं माहीत होतं. तरीही गेल्या महिन्यात शिवाजी पेठेत हार्मोनियम दुरुस्त करणाऱ्या कारागिरासमोर बसून मी काहीच माहीत नसल्यासारखं विचारलं, "हे कुठलं असेल हो?"

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर ते अचानक कॉटखालून काढायला लावलं होतं. वय त्र्याऐंशी. भात्याला भोकं पडलेली. "सुरात आणून दे," एवढंच म्हणाले.

कारागिरानं पुढची जाळी काढली. जाळीवरची नावाची अक्षरं केव्हाच गळून गेली होती, नुसती भोकं उरली होती. मग पक्कडीनं भात्याच्या कडेच्या पिना उपटून त्यानं दोन्ही बाजू वेगळ्या केल्या.

"हे बघा, पावणं. इटलीचं असतं तर एकेका सुराची पट्टी सुटी असती, मेणात बसवलेली. हितं एकाच लांब पट्टीवर सगळे सूर हाईत, आनि पट्टी खाली चामडं घालून खिळ्यांनी ठोकलीया. ही जर्मनीतली पद्धत." त्यानं आतलं लाकूड अंगठ्यानं पुसलं आणि मोबाईलचा उजेड तिरपा धरला. जांभळ्या शाईचा फिकट शिक्का दिसला. "पूर्व जर्मनी. त्यो देशच आता नकाशात न्हाई. म्हंजे महायुद्धानंतरचं आनि भिंत पडायच्या आदीचं. बटनांची ठेवण बघता साठ सालाच्या आसपासचं. आकडा बी हाय, पर त्यावरनं नेमकं साल सांगणारा कोन उरलाय?"

"पट्टी कशाची आहे?"

"जर्मनची की!" तो म्हणाला आणि स्वतःच हसला. "दोन्ही अर्थानं जर्मनचं बघा हे."

मला हसू आलं नाही. याच विनोदानं माझ्या वडिलांचं वाटोळं झालं होतं.

आमच्याकडं अॅल्युमिनियमला जर्मन म्हणतात. जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा. घरातली सगळ्यात हलकी भांडी. अण्णा तेव्हा ऑर्केस्ट्रात वाजवायचे. हे अकॉर्डियन त्यांनी गोव्याच्या एका म्हाताऱ्या वादकाकडून स्वतः विकत घेतलेलं. पण जर्मनचं आहे म्हटलं की लोक म्हणायचे, "पातेलं गळ्यात घालून फिरतोस व्हय रे?" कंटाळून ते इटलीचं आहे असं सांगू लागले. खरं त्यांनी फक्त मला सांगितलं होतं, एकदा भाता पुसता पुसता. "जर्मनीचं हाय हे. कुणाला बोलू नगंस."

मी सतरा वर्षांचा असताना निपाणीच्या कार्यक्रमाहून परतताना ऑर्केस्ट्राच्या गाडीतून एक अकॉर्डियन चोरीला गेलं. गाडीत दोन होती, दोन्ही लाल. एक अण्णांचं, एक मालकाचं. मालकाचं खरोखर इटलीचं होतं. दुसऱ्या दिवशी तो दोन माणसं घेऊन आमच्या दारात आला.

"गेलं ते तुझं. हे माझं हाय. वरची अक्षरं उपटलीस आनि घरात आणून ठेवलंस."

"माझ्यावरची अक्षरं आधीपास्नंच न्हाईत, मालक. आनि हे जर्मनीचं हाय. उघडून बघा."

"आजवर इटलीचं, इटलीचं म्हणून मिरवलास. आज जर्मनचं झालं? उद्या पितळंचं म्हणशील!"

गल्ली गोळा झाली होती. सगळे हसले. मग मालक माझ्याकडं वळला. "लेका, तू सांग. तुझ्या बानं तुला काय सांगितलंय? कुठलं हाय हे?"

मी म्हणालो, "इटलीचं."

कुणी धमकावलं नव्हतं. मी घाबरलो नव्हतो. चार दिवसांपूर्वी सहामाहीत नापास झाल्याचं कळल्यावर अण्णांनी मला फुटबॉलच्या चालू मॅचमधून, तालमीच्या संघातल्या सगळ्या पोरांसमोर, कान धरून मैदानाबाहेर काढलं होतं. त्यांनीही एकदा चारचौघांत मान खाली घालून उभं राहावं, एवढंच मला हवं होतं. तसे ते उभे राहिले.

उघडून बघायचं काम दहा मिनिटांचं होतं. एक पक्कड लागली असती. पण पोरानंच सांगितल्यावर उघडायचं कशाला? मालक म्हणाला, "ठेव. लेकरंबाळं हाईत तुला. मी दिलं म्हण. पर हितनं पुढं कुठल्या स्टेजवर दिसू नगंस." माझ्या बापाला त्याचीच वस्तू भीक म्हणून मिळाली. त्यानंतर ते कसबा बावड्याला साखर कारखान्यात उसाच्या काट्यावर लागले आणि निवृत्त होईपर्यंत गाड्यांची वजनं करत राहिले.

कारागिराकडून मी शिक्क्याचा फोटो घेतला आणि तसाच राजारामपुरीत मालकाच्या फ्लॅटवर गेलो. तो सोफ्यावर बसला होता, पाय सुजलेले. त्यानं फोटो डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"बरं, मग? आमचं गावलं की त्याच वर्षी. ड्रायव्हरनं सांगलीत इकलं हुतं."

मला आधी कळलंच नाही. "सापडलं होतं? आणि अण्णांना सांगितलं नाही?"

"ऱ्हायलं आसंल. तुझा बा तरी कुठं परत आला?"

मी ओरडलो. काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. स्वयंपाकघरातून त्याची सून धावत आली. तिला हातानं थांबवून तो म्हणाला, "वरडू नगंस, पावणं. मी एकट्यानं ठरवलं न्हाई. इटलीचं हाय म्हणून कोन बोललं हुतं? मी का तू?"

मी खाली आलो. या माणसाचा राग करत मी पस्तीस वर्षं आरामात काढली होती. तो नीच आहे, यात मला आजही शंका नाही. पण त्याला खोटं मी पुरवलं होतं, आणि त्याच्या दारात ओरडायलाही मीच गेलो होतो.

घरी येऊन अण्णांना सगळं सांगितलं. मालकाचं सापडलं होतं, हे ऐकून ते नुसते "हां" म्हणाले. मग मी माझं सांगितलं.

"मला वाटलं, मी तुला सांगितलेलं तू इसरलास," ते म्हणाले. "पोरगं हाय, घाबरलं आसंल, इसरलं आसंल. म्हणून मी कधी इचारलं न्हाई."

"विसरलो नव्हतो."

"मग?"

"मॅचमधून ओढून काढलंत, त्याचा राग होता."

त्यांनी चष्मा काढला. त्यांचा आवाज इतका चढलेला मी कधी ऐकला नव्हता. "तेवढ्यापायी? मालक परका हुता, त्याला मी कवाच सोडला! तू माझ्या ताटात जेवत हुतास की रं! रोज बघत हुतास मला, काट्यावर जाताना, येताना. एकदा तोंड उघडवलं न्हाई तुझ्यानं? आनि आता सांगतोस? आता कशाला? तुला झोप लागावी म्हणून?"

याचं उत्तर हो असंच होतं.

ते माझ्याशी बोलायचे बंद झाले. जेवण माझ्या बायकोच्या हातून घेतात, मी खोलीत आलो की कूस बदलतात. काल कारागिराचा फोन आला, काम झालंय, घेऊन जा. मी दारात उभा राहून निरोप सांगितला. त्यांनी भिंतीकडं बघतच उत्तर दिलं.

"तू हात लावू नगंस त्याला. रिक्षा बोलाव. मी आणतो."

मी रिक्षा बोलावली. त्यांना बसायला आधार द्यावा म्हणून हात पुढं केला, तर तो बाजूला सारून ते एकटे चढले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, "चल."