मीठ कोणी घातलं?

पहाटेच्या मिस्सेला जाण्याआधी सेराफिना बागेत जायची. झुकिनीचं फूल उन्हासाठी थांबत नाही, फादर मात्र पाच मिनिटं थांबतात, हे तिला ठाऊक होतं. दवात भिजलेली पिवळी फुलं एका हातात आणि जपमाळ दुसऱ्या हातात, असं तिचं उजाडायचं. लग्न होऊन या डोंगरावरच्या गावात आली तेव्हापासूनचा हा नेम. मूलबाळ झालं नाही, म्हणून तिने देवाला कधी जाब विचारला नाही. मोठ्या दिराचा निकांद्रो तिच्याच मांडीवर जेवून मोठा झाला, तेवढं तिला पुरलं होतं.

दोन भावांची दोन घरं, मध्ये एक अंगण, अंगणात एक चूल आणि मागे एकच बाग. टोमॅटो आणि लसूण धाकट्या घरचा, म्हणजे सेराफिनाचा. झुकिनी, शेंगा आणि बेझिलच्या कुंड्या थोरल्या घरच्या, म्हणजे तिच्या जावेच्या, एर्मेलिंदाच्या. झुकिनीची फुलं खुडायचं काम तेवढं पहिल्यापासून सेराफिनाचं. सासू होती तोवर कुणाचं काय हे कुणी विचारलं नव्हतं. सासू गेली आणि जावा बोलेनाशा झाल्या.

कारण ऐकाल तर हसाल. पंधरा ऑगस्टच्या मिरवणुकीआधी मारिया मातेची लेसची शाल धुऊन इस्त्री करायचा मान त्यांच्या घरचा. सासूनंतर तो थोरल्या सुनेकडे जायचा. पण फादर तेव्हा गावात नवे. पहिल्या बाकावर बसलेल्या सेराफिनाच्या हातात त्यांनी ती शाल देऊन टाकली. सेराफिनाने ती मुकाट थोरलीच्या घरी पोचवायची, ते सोडून धुतली, इस्त्री केली आणि मिरवणुकीत मिरवलीही.

"बघा, आता मारिया माताही धाकटीच्या घरची झाली!" एर्मेलिंदा चर्चच्या पायऱ्यांवर चारचौघांत म्हणाली.

"थोरलीच्या घरची होऊन तरी काय झालं असतं? मागे वेदीवरचं वस्त्र जाळलंत, तशी शालही जाळली असतीत!"

झालं. त्या दिवसापासून दोघींचा अबोला सुरू झाला तो आजतागायत. एर्मेलिंदाचा नवरा, थोरला दोनातो, वारला तेव्हाही दोघी शवपेटीच्या दोन बाजूंना बसून एकाच सुरात प्रार्थना म्हणाल्या आणि एकमेकींकडे न बघता उठल्या.

अंगण एक असल्यावर न बोलून भागतं थोडंच? सेराफिना मांजरीशी बोलायची. "मने, कुणीतरी नळ उघडा टाकलाय हं. पाणी काय आभाळातून येतं?" त्यावर एर्मेलिंदा बेझिलच्या कुंडीला सांगायची, "नळाचा वॉशर गेलाय. ज्यांना नवरा आहे त्यांनी त्याला सांगून बदलून घ्यावा." मग सेराफिनाचा नवरा गेरार्दो मुकाट्याने पाना घेऊन नळाकडे जायचा.

आता मात्र कुंडीशी बोलणारीच निघाली होती. निकांद्रो दूर तोरिनो शहरात बस चालवायचा. आईला एकटी ठेवणं त्याला पटेना. तळमजल्यावरची दोन खोल्यांची जागा मिळाली तसा तो गाडी घेऊन आला. उद्या पहाटे दोघं निघणार.

सेराफिनाने संत आन्नाला नऊ दिवसांची प्रार्थना बोलली होती. मागणं एकच: जाण्याआधी जाऊबाईंनी आपल्याशी बोलावं. अटही तिनेच घातली होती. "आन्नामाते, मी आधी बोलणार नाही हं. मला ते जमायचं नाही. तेवढं तू बघ." नववा दिवस उजाडला तरी संत आन्नाने काही मनावर घेतल्याचं दिसत नव्हतं.

सकाळी निकांद्रो अंगणात येऊन उभा राहिला. "काकू, आज जेवण एकच. आजी करायची तशी फुसिल्ली, हाताने वळलेला पास्ता. तुझे टोमॅटो, आईची झुकिनी. दोघींच्या हातचं, एका भांड्यात."

"मी काय, मी करते," सेराफिना म्हणाली. "बाकीच्यांचं मला माहीत नाही."

"मी काही पाहुणी नाही, आयतं खायला," एर्मेलिंदा कुंडीला म्हणाली.

सेराफिनाने पीठ मळलं. घोटून घोटून कानाच्या पाळीसारखं मऊ केलं, बोटभर वळ्या केल्या आणि जुन्या छत्रीची काडी एकेका वळीवर ठेवून हाताने पुढे लोटली. काडी ओढून घेतली की पोकळ, पीळदार फुसिल्ली सुटून पडायची. सासूनेच शिकवलेलं. ताटं भरली तेव्हा उन्हं अंगणात आली होती.

चुलीपाशी दोघी उभ्या राहिल्या, मधे एक हात अंतर सोडून. सेराफिनाने तेलात लसूण टाकला. तो लाल व्हायच्या आत एर्मेलिंदाने झुकिनीच्या चकत्या सोडल्या. सेराफिनाने टोमॅटो हातानेच चुरडून घातले. एकीने ढवळायचं थांबवलं की दुसरीचा हात आपोआप झाऱ्याकडे जायचा. तोंडं बंद असली तरी हातांना अबोला माहीत नव्हता. एर्मेलिंदाच्या हाताची कातडी पातळ झालीय, हे सेराफिनाला तेव्हा दिसलं. इतकी वर्षं तिने त्या हातांकडे नीट पाहिलंच नव्हतं.

मोठ्या पातेल्यातलं पाणी खळखळलं. सेराफिनाने मूठभर खडेमीठ टाकलं आणि ती ताटं आणायला आत गेली. एर्मेलिंदा फुलं निवडून परत आली. पाणी उकळतंय. मीठ पडलं का? विचारायचं कुणाला? गेरार्दो ओट्यावर बसून वाइनच्या बाटलीशी झटत होता, त्याला काय कळणार! तिने आपली मूठ टाकली.

फुसिल्ली पाण्यात पडली, वर तरंगली. सेराफिनाने एक उचलून फुंकर घातली आणि दाताखाली धरली. तिचे डोळेच पांढरे झाले. एर्मेलिंदानेही एक उचलली आणि थू थू करत पदराला, म्हणजे ॲप्रनला, तोंड पुसलं.

"मने," सेराफिना मांजर कुठे आहे ते न बघताच म्हणाली, "कुणीतरी समुद्र आणून ओतलाय यात."

"कुणीतरी आधीच ओतून ठेवला होता," एर्मेलिंदाने कुंडीकडे मान वळवली. कुंडी मात्र तिथे नव्हती. बेझिल खुडायला सोपी जावी म्हणून निकांद्रोने ती उचलून टेबलावर नेली होती. एर्मेलिंदाची नजर रिकाम्या जागेवर गेली, तिथून पातेल्यावर, आणि मग सरळ धाकटीच्या तोंडावर.

"तू घातलंस?"

"घातलं की! पाणी उकळल्यावर घालायचं नाही तर कधी घालायचं, जाऊबाई?"

"मग सांगायचं होतंस!"

"कुणाला? तुम्ही विचारलंत?"

बोलून झाल्यावर सेराफिनाच्या ध्यानात आलं. झारा हातात तसाच राहिला. पण थबकायला वेळ नव्हता, फुसिल्ली शिजत होती.

"काढ, काढ आधी! लगदा होईल. आत माझ्या गॅसवर शेंगांसाठी आधण ठेवलंय, त्यात मीठ नाही. निकांद्रो, पातेलं आण! आणि सेराफिना, तू आणखी टोमॅटो घाल. रसात मीठ टाकलंस का?"

"चिमूट."

"त्या चिमटीचंही आता पाप लागेल. चीज अजिबात नको. फुलं सगळी टाक."

अर्धी कच्ची फुसिल्ली निथळून साध्या आधणात गेली. दोघी वाफेत वाकून उभ्या राहिल्या.

"पण दोन मुठींनी इतकं खारट होत नाही," सेराफिना म्हणाली. "एवढं मोठं पातेलं आहे."

"माझी मूठ काही हत्तीची नाही."

"मग माझी आहे?"

ओट्यावर गेरार्दो खोकला. "मी म्हटलं... तुम्ही दोघी तर बोलत नाही. दोघींनाही वाटणार, दुसरीने घातलं. म्हणजे कुणीच घातलं नसणार. म्हणून मी—"

"तू?" दोघी एकदमच ओरडल्या.

"दोन मुठी," गेरार्दो म्हणाला. "हात धुऊन कोरडे केले होते हं."

मग जो कल्लोळ झाला! जन्मात स्वयंपाकघरात पाऊल न टाकणाऱ्याने आजच कसं टाकलं, दोनातो असाच होता, अख्खं घराणंच असं, सासूबाईंनी कसं निभावलं... दोघी एकमेकींची वाक्यं पुरी करत होत्या. शेजारीण सज्जात धावत आली. "अगं बायांनो, भांडू नका गं! उद्या ती जायची आहे!"

"तुला काय करायचंय? घरातलं आहे आमचं!" एर्मेलिंदाने वर बघून तिला गप्प केलं.

जेवायला बसले तेव्हा फुसिल्ली थोडी खारट होतीच, पण टोमॅटो गोड होते. झुकिनीची फुलं रसात विरघळून गेली होती. निकांद्रोने हाताने बेझिलची पानं तोडून टाकली आणि दोनदा वाढून घेतलं.

"शालीचं," सेराफिना ताटात बघत म्हणाली, "या वर्षी तुम्ही करा. फादरना मी सांगते."

"पंधरा ऑगस्टला मी तोरिनोत असणार."

एर्मेलिंदाने पावाच्या तुकड्याने ताट पुसलं. "आणि हिवाळ्यासाठी टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या? एवढे टोमॅटो लागलेत. ही एकटी भरणार? झाकणं तरी घट्ट लावता येतात का हिला? निम्म्या फुटतील."

"माझी एक तरी बाटली फुटली आहे आजवर?"

"फुटली नाही, कारण झाकणं मी लावायचे." मग ती मुलाकडे वळली. "निकांद्रो, तू पुढे हो. सप्टेंबरात ये न्यायला. येईन, नाही म्हणत नाही. पण हिवाळ्यापुरती. मार्चमध्ये झुकिनीचं बी कोण पेरणार?"

निकांद्रोने काकूकडे पाहिलं. काकूचं लक्ष नव्हतं. ती ओठांतल्या ओठांत संत आन्नाचे आभार मानत होती, आणि मध्येच थांबून म्हणत होती, "झाकणं तुम्ही लावायचात, पण बाटल्या कोण उकळायचं?"

जेवणं झाली. गेरार्दो रोजच्यासारखा आत जाऊन पडला. अंगणात दोघी शेंगा मोडत बसल्या आणि किती बाटल्या भरायच्या यावरून त्यांचं जे सुरू झालं ते थांबेना. इतक्या वर्षांत त्याची दुपारची झोप कुणी मोडली नव्हती. त्याने कूस बदलली, उशी कानावर घ्यायला उचलली, आणि मग तशीच खाली ठेवून दिली.